स्पॉन्सर रुझैनी आणि अठ्ठावीस तासांचा दिवस

रुझैनी बिन मात देसा या गृहस्थाला उभ्या आयुष्यात एकच पदवी मिळाली, आणि ती खुद्द सरकारने दिली होती. 'स्पॉन्सर'. पदवी मिळाली ती बायकोमुळे. त्याची युसमर्नी समुद्रापलीकडच्या पादांगची, पासपोर्ट इंडोनेशियाचा; समुद्राच्या अलीकडे, ताइपिंग शहरात आमच्या गल्लीत ती राहायची ती कागदोपत्री नवऱ्याच्या जिवावर. दरवर्षी तिचा इथे राहण्याचा पास नवा करून घ्यायचा आणि फॉर्मवर जिथे 'स्पॉन्सर' असं छापलेलं असे तिथे रुझैनीने सही करायची. त्या दिवशी तो इस्त्रीचा बाटिक शर्ट घाली, केसांना पाणी लावी आणि सही करताना श्वास रोखून धरी. घरात वादावादी झालीच तर, "हे बघ युस, शेवटी स्पॉन्सर मी आहे," असं म्हणून तो विषय संपवायचा. युसमर्नी "हो, अबांग" म्हणायची आणि मग तिला हवं तेच करायची.

आमच्याकडे बायका नवऱ्याला अबांग म्हणतात. अबांग म्हणजे दादा. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं, कारण पुढे गोष्ट जरा गंभीर आहे.

रुझैनी हातमोज्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं स्टोअरकीपर होता. साथीच्या दिवसांत सगळं जग हातमोजे मागत होतं, तेव्हा कारखान्याने तीन पाळ्या लावल्या, नव्या शेड बांधल्या, रुझैनीला एक घड्याळसुद्धा दिलं. मग साथ ओसरली, जगाला हातमोज्यांची गरज उरली नाही आणि एका सोमवारी कारखान्याला रुझैनीची गरज उरली नाही. त्याच्याबरोबर आणखी दोनशेजण घरी गेले. पण त्या दोनशेजणांच्या बायका इथल्याच होत्या. त्यांना नुसता नवरा बेकार झाल्याचं दुःख होतं. युसमर्नीचा पास संपायला एकोणीस दिवस उरले होते, आणि पासासाठी लागणाऱ्या कागदांत पहिलाच कागद होता 'स्पॉन्सरचं नोकरीचं पत्र'.

त्याने घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी जेवून घ्या."

तो जेवला. पाच वर्षांची हुमैरा शेजारी बसून माशातले काटे काढत होती. पास नाही मिळाला तर युसमर्नीला पादांगला परत जावं लागणार आणि हुमैरा मात्र जन्माने इथली, हे रुझैनीला त्या घासाबरोबर लक्षात आलं. पुढचा घास त्याने परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून युसमर्नी करीपाप जास्त करू लागली. करीपाप म्हणजे बटाट्याचं मसालेदार सारण भरून, काठाला मुरड घालून तळलेली करंजीच म्हणा. पूर्वी ती दहावीस करून शेजारी वाटायची. आता शंभर करून कोपऱ्यावरच्या नाश्त्याच्या गाडीवर पाठवू लागली. घर त्यावर चालू लागलं. भानगड एवढीच होती, की तिच्या पासावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, 'काम करण्यास मनाई'. त्यामुळे गल्लीतला प्रत्येक माणूस सकाळी जे करीपाप खात होता ते सरकारदरबारी अस्तित्वातच नव्हते.

नोकरी गेल्याची बातमी गल्लीत कशी पसरली ते कोणी विचारू नये. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एन्चिक बहारूम आले; एन्चिक म्हणजे आमच्याकडचं श्रीयुत. हे जमीन खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीला अकरा वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक टाचणी कायम. गल्लीत कुणाचंही सरकारी काम निघालं, की यांच्या चेहऱ्यावर तेज चढे.

"कागद किती जमलेत?" त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं.

"निकाहाचं प्रमाणपत्र आहे. पासपोर्टच्या प्रती आहेत. फोटो आहेत."

"एवढंच?" बहारूमनी ती पातळ फाइल तळहातावर तोलून पाहिली. "अरे, ही फाइल आहे का पंचांगाचं पान? कचेरीत आधी फाइलचं वजन बघतात, मग आतला मजकूर. चाळीस वर्षं मी तेच केलंय."

"पण नोकरीचं पत्रच नाही हो. नोकरीच नाही तर पत्र कुठून आणू?"

"पत्राला नोकरी कशाला लागते? पत्राला लेटरहेड लागतं." असं म्हणून ते चहा पिऊन गेले, आणि जाताजाता ही गोष्ट तिघांच्या कानावर घालून गेले.

आता इथे आमच्या लोकांचा एक स्वभाव सांगायला हवा. आमच्याकडे कुणी मदत पुढे केली, की ती नाकारता येत नाही. नाकारणं म्हणजे तोंडावर दार लावण्यासारखं. लग्नाला जेवून आलेला माणूस वाटेत दुसऱ्या लग्नाचं बोलावणं आलं तर तिथेही जेवतो आणि घरी येऊन आडवा होतो, पण नको म्हणत नाही. रुझैनी तर या बाबतीत पराकोटीचा भिडस्त.

पहिले आले पाक हाजी तर्मिझी, गल्लीच्या टोकाच्या सुरावचे, म्हणजे छोट्या मशिदीचे, प्रमुख. "तू दर शुक्रवारी अंगण झाडतोस की नाही?"

"झाडतो, पाक हाजी."

"मग झालं तर. तू आमचा व्यवस्थापक." आणि त्यांनी हिरव्या शाईत पत्र दिलं, की सदर इसम पहाटेच्या नमाजापासून रात्रीच्या नमाजापर्यंत सुरावच्या सेवेत अखंड हजर असतो.

दुसरे अंकल लियाव, हार्डवेअरच्या दुकानाचे मालक. रुझैनी त्यांच्या दुकानात रोज दुपारी जाऊन बसे, वर्तमानपत्र वाची आणि गिऱ्हाइकाला खिळे कुठे आहेत ते बोटाने दाखवी. अंकल लियावनी तेवढ्यावर त्याला 'शाखा व्यवस्थापक' केलं. "आय्यो, माझी एकच शाखा आहे, पण तिला व्यवस्थापक नको का?" ते म्हणाले आणि नऊ ते सहा असे तास घालून, गोल शिक्का दोनदा उमटवून त्यांनी पत्र दिलं. पहिला शिक्का जरा पुसट आला होता.

तिसरी माक चिक रोकैया, समोरच्या घरातली शिवणकाम करणारी मावशी. तिला वाईट वाटलं, की आपल्याला कोणी विचारलंच नाही. तिचे शिवलेले कपडे रुझैनीने एकदा, फक्त एकदाच, मोटारसायकलवरून पोचवले होते. तिने पत्र दिलं, की हा आमचा वितरण अधिकारी, संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा.

रुझैनीने तिन्ही पत्रं टेबलावर मांडली. "यातलं कुठलं लावू?" त्याने युसमर्नीला विचारलं.

"एकही लावू नका. खरं काय ते सांगा."

"खरं सांगू? खरं सांगितलं तर तुला बोटीत बसवतील."

"विमानात," युसमर्नी म्हणाली.

रुझैनीने पाक हाजींचं पत्र काढून ठेवलं. मग त्याला वाटलं, उद्या सुरावमध्ये कोणत्या तोंडाने जाऊ? अंकल लियावचं काढलं, तर दुपारी कुठे बसू? आणि माक चिक रोकैयाचं काढलं तर ती खिडकीतून दिवसभर बघणार. शेवटी त्याने बहारूमना विचारलं. बहारूम म्हणाले, "तिन्ही लाव. वजन वाढेल."

पास संपायला नऊ दिवस असताना नवराबायको इमिग्रेशन कचेरीत गेले. निघताना युसमर्नीने वाटेत खायला म्हणून डब्यात सहा करीपाप घेतले. काउंटरवर पुआन, म्हणजे श्रीमती, हझलीना नावाच्या बाई होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज हळू. रुझैनीला ओरडणाऱ्या माणसांची भीती वाटत नसे. हळू बोलणाऱ्यांपुढे मात्र त्याची गाळण उडायची.

बाईंनी पहिलं पत्र वाचलं. दुसरं वाचलं. तिसरं वाचलं. मग एका कोऱ्या कागदावर काहीतरी बेरीज केली आणि कागद त्याच्याकडे फिरवला.

"सुरावमध्ये पंधरा तास. दुकानात नऊ. कपडे पोचवायला चार. अठ्ठावीस झाले, एन्चिक. झोपता कधी?"

रुझैनीने बोटांवर तास मोजून पाहिले. "मी... झोप कमी आहे माझी."

"आणि घरच्यांना भेटता कधी?"

मागच्या रांगेतला एक माणूस खोकल्यासारखं हसला.

"यातली खरी नोकरी कुठली?" बाईंनी विचारलं.

आता तिघांपैकी एकाचं नाव घ्यायचं म्हणजे उरलेल्या दोघांना खोटं पाडायचं. त्यातून पाक हाजी हज करून आलेले. रुझैनीने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि त्याची नजर युसमर्नीच्या मांडीवरच्या डब्यावर गेली.

"खरं म्हणजे माझा स्वतःचा धंदा आहे," तो म्हणाला. "करीपापचा."

युसमर्नीने डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"करतं कोण?" बाईंनी विचारलं. त्या सहज विचारत होत्या, पण त्यांची नजर पासाच्या त्या ठळक ओळीवर होती.

"मी," रुझैनी म्हणाला. "मीच करतो. ही फक्त... ही बसलेली असते."

"छान," पुआन हझलीना म्हणाल्या आणि डायरी उघडली. "मंगळवारी सकाळी येते बघायला. माझ्यासमोर करून दाखवा."

बाहेर आल्यावर दोघं बसथांब्यावर बसले. डब्यातले सहा करीपाप तसेच होते. रुझैनीने आयुष्यात कधी चहासुद्धा स्वतः केला नव्हता. कारखान्यात चहा यंत्रातून यायचा आणि घरी युसमर्नीकडून.

"पाच दिवस आहेत," युसमर्नी म्हणाली. "चला घरी."

मग सुरू झालं शिक्षण. रुझैनीला पहिल्या दिवशी पीठ मळायला शिकवलं. पीठ त्याच्या कोपरापर्यंत चढलं. दुसऱ्या दिवशी सारण. कांदा चिरताना त्याला जे रडू आलं ते कांदा संपल्यावरही थांबलं नाही, तेव्हा युसमर्नीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पण खरं घोडं पेंड खात होतं ते मुरडीपाशी. करीपापची मुरड म्हणजे काठ चिमटीत धरायचा, किंचित ओढायचा, आत दुमडायचा, पुढची चिमूट. युसमर्नी बोलता बोलता, न बघता एका करीपापला सतरा मुरडी घालायची. रुझैनी जीव ओतून चार घालायचा आणि पाचवीला पहिली सुटायची.

"अबांग, दाबू नका. ते काय खोक्याचं झाकण आहे?"

"अगं, एकोणीस वर्षं मी खोकीच बंद केली."

"म्हणून तर म्हणतेय."

गल्ली अर्थातच गप्प बसली नाही. पाक हाजी रोज येऊन दुआ मागायचे आणि दोन करीपाप चाखून बघायचे. अंकल लियाव पक्कड घेऊन आले. म्हणाले, हाताने नाही जमत तर हत्याराने मुरड. पक्कडीने मुरडलेला करीपाप पत्र्याच्या डब्यासारखा दिसायला लागला. बहारूमनी तर रुझैनीच्या हातात एक कागद ठेवला, 'करीपाप करण्याची पद्धत, टप्पे एक ते चौदा', आणि खाली सहीसाठी जागा. माक चिक रोकैयाने गल्लीतल्या सगळ्यांना बजावून ठेवलं, की मंगळवारी बाई आल्या की जो तो येऊन रुझैनीचे करीपाप विकत घेईल आणि रुझैनीचं नाव घेईल, युसमर्नीचं चुकूनही नाही.

चौथ्या दिवशी, रविवारी, दुपारी पीठ झाकून ठेवल्यावर युसमर्नी म्हणाली, "आता हात धुवा आणि इकडे बसा." हुमैरा समोर बसली होती, केस मोकळे. युसमर्नीने कंगवा त्याच्या हातात दिला. "तीन पेड करायचे. मधला असा वरून."

"आता वेणी कशाला?" रुझैनी वैतागला. "पुआन काय वेणी तपासणार आहेत?"

"शिकून ठेवा," ती म्हणाली.

त्याने दोन पेड घातले. तिसऱ्याला त्याच्या लक्षात आलं. सकाळीच तिने त्याला हुमैराच्या लसींचं कार्ड कुठल्या खणात असतं ते दाखवलं होतं. त्याच्या आदल्या दिवशी, ताप आला तर कुठलं औषध, किती चमचे, ते सांगितलं होतं. त्याला वाटलं होतं, बायकांची बोलायची सवय. युसमर्नी त्याला करीपाप शिकवत नव्हतीच. म्हणजे शिकवत होती, पण त्याच्या आडून ती स्वतः नसतानाचं घर त्याच्या हातात देत होती, एकेक करून.

"युस," तो म्हणाला.

"मधला पेड सुटतोय," ती म्हणाली, आणि उठून आत गेली. हुमैरा मान न हलवता बसून राहिली. ती वेणी त्याने तीनदा सोडून पुन्हा घातली, आणि तरी वाकडीच आली.

त्या क्षणापासून रुझैनीच्या मनात एक वेगळीच भीती शिरली, आणि ती त्याला कुणाला सांगता येईना. आतापर्यंत त्याला सरकारची भीती होती. आता वाटू लागलं, हिलाच जायचं असेल तर? पादांगला आई आहे, चार बहिणी आहेत. इथे काय आहे? एक बेकार माणूस, ज्याला मुरड येत नाही.

मंगळवारी दहाच्या सुमाराला पुआन हझलीना एका मदतनीस बाईला घेऊन आल्या. त्या पायताण काढून आत येतात न येतात, तोच फाटकावर अंकल लियाव. "रुझैनी! तुझ्या हातचे दहा दे!" ते इतक्या मोठ्यांदा ओरडले, की समोरचं मांजर भिंतीवरून उडालं. त्यांच्या मागे माक चिक रोकैया. "रुझैनीचे करीपाप म्हणजे रुझैनीचेच!" त्यांच्या मागे पाक हाजी, आणि त्यांच्या मागे अशी माणसं, जी रुझैनीने पूर्वी कधी पाहिलीसुद्धा नव्हती, ती पलीकडच्या गल्लीतली होती. अर्ध्या तासात सव्वीस माणसं येऊन गेली. प्रत्येकाने रुझैनीचं नाव घेतलं, एकाने तर आडनावासकट, म्हणजे बापाच्या नावासकट घेतलं. एन्चिक बहारूम दाराशी उभे राहून गिऱ्हाइकांना रांगेत उभं करत होते.

पुआन हझलीना शांतपणे बघत होत्या. गर्दी सरल्यावर म्हणाल्या, "फारच लोकप्रिय आहात. आता करा."

रुझैनीने बाह्या वर सारल्या. पीठ लाटलं. ते गोल आलं नाही, पण एकूण बरं आलं. सारण भरलं. मुरड घालायला घेतली. एक, दोन, तीन. युसमर्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, मदत करायला मनाई; मदत केली तर ते काम ठरलं असतं. चार. पहिली सुटली. त्याने ती पुन्हा दाबली, तर दुसरी सुटली. कसेबसे सहा करीपाप कढईत गेले. तेलात एकेकाचं तोंड उघडलं, बटाटा बाहेर आला आणि मटाराचे दाणे वर तरंगू लागले. धूर झाला. हुमैरा खोकू लागली.

पुआन हझलीना मात्र कढईकडे बघतच नव्हत्या. त्या दाराकडे बघत होत्या. रुझैनीने त्यांच्या नजरेमागून पाहिलं. युसमर्नीने डोक्यावरच्या रुमालाचं टोक चिमटीत धरलं होतं, आणि तिची बोटं आपोआप मुरड घालत होती. धरायचं, ओढायचं, दुमडायचं. त्या टोकाला सुरेख सतरा मुरडी पडल्या होत्या, आणि तिला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

रुझैनीने झारा खाली ठेवला.

"पुआन," तो म्हणाला, "हे मी करत नाही. कधीच केले नाहीत. ही करते. माझी नोकरी गेलीय, मला नोकरीच नाही, ती तिन्ही पत्रं खोटी आहेत, आणि सगळे करीपाप हिचे आहेत. पण खोटं मी बोललो, ही नाही. ही पहिल्या दिवसापासून सांगत होती खरं बोला. शिक्षा करायची ती मला करा. मी स्पॉन्सर आहे."

शेवटचं वाक्य बोलताना त्याला रडू फुटलं. दाराशी उभे असलेले बहारूम हळूच पायताण घालून निघून गेले.

युसमर्नीने सकाळी स्वतः केलेल्या करीपापांची बशी पुढे केली. पाहुण्यापुढे काही न ठेवणं तिला जमत नव्हतं, मग तो पाहुणा कशासाठीही आलेला असो. आमच्याकडे खायचं नसलं तर बशीला बोटं लावून ती ओठांना लावायची, म्हणजे अन्नाचा अपमान होत नाही. बाईंनी तेवढंच केलं आणि उठल्या. "उद्या सकाळी दोघं या," त्या म्हणाल्या.

पास संपायला तीन दिवस होते. बुधवारी कचेरीत बाईंनी रुझैनीला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि युसमर्नीला एकटीला आत घेतलं. मध्ये काच होती. आवाज येत नव्हता, दिसत मात्र सगळं होतं. बाईंनी काहीतरी एकच प्रश्न विचारला आणि युसमर्नी बोलू लागली. ती सहा वर्षांत घरी एका दमात एवढं बोलली नव्हती. बोलता बोलता तिने एकदा डोळे पुसले, एकदा हसली आणि एकदा काचेतून बोटाने त्याच्याकडे दाखवलं. आता त्याला खात्री पटली, की ती आपली तक्रार करतेय. बाकावर बसल्या बसल्या त्याने त्या तक्रारीत काय काय असू शकेल याचा विचार केला, आणि त्याला इतक्या गोष्टी आठवल्या, की त्याने स्वतःच मनातल्या मनात तिला जायची परवानगी देऊन टाकली. जा बाई. तू जा. वेणी घालायला मी शिकेन.

मग त्याला आत बोलावलं.

"नोकरी नाही ही अडचण आहे, एन्चिक," पुआन हझलीना म्हणाल्या. "तो गुन्हा नाही. खोटी पत्रं हा गुन्हा आहे. ती मागे घेतो असं लिहून द्या. नोंद फाइलमध्ये राहील."

त्याने लिहून दिलं.

"राहतं घर कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या. आईने दिलं."

"कारखान्याने जाताना काही दिलं?"

"दिलं. बँकेत ठेवलंय."

"मग हे कागद कुठे आहेत?"

"हे चालतात?" रुझैनीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही कुणाला विचारलंत?"

बहारूमचं नाव सांगणं बरं दिसलं नसतं.

"आणि परदेशी बायकोला काम करायची परवानगी मागता येते, हे माहीत आहे? त्याचा वेगळा अर्ज असतो. परवानगी मिळेपर्यंत धंदा बंद ठेवायचा, एकही करीपाप विकायचा नाही. घराचे आणि बँकेचे कागद उद्या आणा. तूर्त सहा महिन्यांचा पास मिळेल, तेवढ्यात तुम्ही नोकरी बघा." त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "या अर्जाला नवऱ्याचं संमतिपत्र लागतं. स्वतःच्या हाताने लिहा. लेटरहेड नको."

रुझैनीने लिहिलं, की माझ्या बायकोने काम करायला माझी काही हरकत नाही. 'हरकत नाही' हे त्याला बरं वाटेना. ते खोडून त्याने लिहिलं, की मला त्याचा अभिमान आहे. मग सोबतच्या अर्जावर 'अर्जदाराच्या नवऱ्याचा व्यवसाय' या जागी पेन थांबलं. एकोणीस वर्षं कुठल्याही फॉर्मवर अशा जागी तो डोळे मिटून 'स्टोअरकीपर' लिहीत असे. त्याने लिहिलं, 'सध्या काही नाही', आणि सही केली. या वेळी त्याने श्वास रोखला नाही.

दुसऱ्या दिवशी कागद दिले आणि पासावर शिक्का बसला. दोघं घरी परतले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी सुरावच्या पायरीवर पाक हाजी उभेच होते. "मिळाला?"

"मिळाला, पाक हाजी."

"माझ्या पत्राने?"

रुझैनीने पायरीकडे बघत सांगितलं, "तुमच्याच पत्राने."

दुकानाबाहेर अंकल लियावनी अडवलं. "आय्यो, शिक्का बघून पाघळल्या असतील बाई. दोन मारले होते मी."

"हो अंकल, शिक्क्यामुळेच."

माक चिक रोकैयाला खिडकीतूनच सांगितलं, की मावशी, तुझं पत्र नसतं तर काही खरं नव्हतं. बहारूम फाटकाशी भेटले. त्यांना तो म्हणाला, "वजन कामी आलं." बहारूमनी डोळे मिटून मान डोलावली.

घरात आल्यावर युसमर्नीने पास कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि पायरीवर येऊन त्याच्याशेजारी बसली.

"चौघांमुळे पास मिळाला तर," ती म्हणाली.

"अगं, त्यांना वाईट वाटलं असतं."

"आणि मी आत अर्धा तास बोलले त्याचं काय?"

कालपासून दोन वेळा बसमधून येताना हा प्रश्न त्याच्या ओठांवर आला होता आणि दोन्ही वेळा त्याने तो गिळला होता. आता तिनेच विषय काढला. "काय विचारलं बाईंनी?"

"विचारलं, नवऱ्याची नोकरी गेलीय, तुला माहेरी परत जायचं असेल तर मोकळेपणाने सांग."

"मग?"

"मग मी सांगितलं, सहा वर्षं हे दरवर्षी माझ्यासाठी त्या खिडकीपुढे उभे राहतात. बाकी त्यांना काही येत नाही, पण तेवढं ते कधी चुकले नाहीत. तर यंदा मी त्यांना स्पॉन्सर केलं तर चालेल का?"

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, तसा फॉर्म नाही."

"मग गं?"

"मी म्हटलं, फॉर्म नसला तरी करते."